मजकूर आणि त्याचा पोशाख

प्रस्तुत स्मरणिकेसाठी लेख पाठवावेत असे आवाहन आम्ही माजी विद्यार्थ्यांना व पालकांना केले, तेव्हा ते कोणत्या स्वरूपात पाठवावेत हे सांगावयाचे मात्र राहून गेले. लेख आले ते चार वाटांनी. कोणी वर्डमध्ये टंकलिखित करून, रंगीत मथळे आणि फुलांच्या किनारीसह पाठविले. कोणी भ्रमणध्वनीवर टंकून व्हॉट्सॲपच्या संदेशातच सारा मजकूर धाडला आणि खाली 'सर, असं पाठवलं तर चालेल ना?' अशी संकोचाची ओळ जोडली. कोणी डीटीपीच्या दुकानातून पीडीएफ करून आणली. काही पालकांनी वहीच्या पानावर स्वहस्ते लिहून त्याचे छायाचित्र पाठविले. ही हस्तलिखिते टंकून घेणे कष्टाचे होते, पण काम सरळ होते. छापखान्यात मजकूर देण्याची वेळ आली तेव्हा मात्र एक वेगळाच अनुभव आला. सर्वांत कमी त्रास झाला तो त्या संकोचाने पाठविलेल्या संदेशांचा आणि सर्वांत अधिक त्रास झाला तो नटवून पाठविलेल्या फाइलींचा.

असे का झाले याचा उलगडा करताना आम्हांसही काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. आपल्यापैकी अनेक जण आज शिक्षक आहेत, बँकेत, न्यायालयात, ग्रामपंचायतीत काम करतात, विहार समितीचे इतिवृत्त लिहितात. संगणकावर लिहिणे म्हणजे वर्ड, हे समीकरण बहुतेकांच्या मनात एमएस-सीआयटीच्या वर्गापासून घट्ट बसलेले आहे. त्यांना उपयोगी पडेल या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

संगणकावर मजकूर लिहिण्याची साधने मूलतः दोन प्रकारची. पहिल्या प्रकारास टेक्स्ट एडिटर म्हणतात. विंडोजच्या १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून सोबत येणारे नोटपॅड हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. नोटपॅड++ हे त्याच धर्तीचे, अधिक सक्षम आणि विनामूल्य साधन. दुसरा प्रकार वर्ड प्रोसेसरचा. मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिबरऑफिस रायटर, गूगल डॉक्स ही त्या घराण्यातली नावे. पडद्यावर पाहिले तर एकात सोयी थोड्या आणि दुसऱ्यात पुष्कळ, एवढाच फरक जाणवतो. खरा फरक पडद्यावर नसून फाइलीच्या पोटात असतो.

नोटपॅडमध्ये 'बुद्ध' एवढा एकच शब्द लिहून साठवा आणि फाइलीचा आकार पाहा. आजच्या नोटपॅडमध्ये तो १५ बाइट भरतो. हिशेब अगदी चोख आहे : ब, उकार, द, हलन्ताचे चिन्ह आणि ध अशी पाच चिन्हे, प्रत्येकी ३ बाइट. त्या फाइलीत याखेरीज दुसरे काहीही नाही. अक्षर किती मोठे, कोणत्या वळणाचे, काळे की निळे, पान केवढे, याविषयी फाइल मौन बाळगते. नोटपॅडमध्येही फाँट निवडता येतो हे खरे, परंतु ती निवड खिडकीच्या काचेला रंग देण्यासारखी आहे; फाइलीत तिचा मागमूस उरत नाही.

आता तोच शब्द वर्डमध्ये लिहून साठवा. एका शब्दाची फाइल कित्येक किलोबाइटची होते. ती प्रत करून प्रतीच्या नावाच्या शेवटचे 'डीओसीएक्स' पुसून तेथे 'झिप' असे लिहिले आणि ती उघडली, तर आत चक्क कप्प्यांचे एक कपाट निघते. २००७ पासून वर्डची फाइल अशीच, अनेक लहान फाइली एकत्र बांधलेल्या गाठोड्याच्या स्वरूपात असते. एका कप्प्यात मजकूर, दुसऱ्यात मथळ्यांच्या शैली, तिसऱ्यात फाँटांची यादी, आणखी एकात फाइल कोणी व केव्हा तयार केली याची नोंद. मजकूर असलेला कप्पा उघडला तरी आपला शब्द सूचनांच्या गर्दीत शोधावा लागतो. आमच्या संगणक कक्षात आठवीच्या मुलांना हा प्रयोग करून दाखविला, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग आपण लिहिलं ते एवढंसंच आणि बाकी सगळा पोशाख?" या टिपणाचे शीर्षक आम्ही तिच्याकडूनच उसने घेतले आहे.

पोशाख वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. आपल्या समाजाला पोशाखाचे मोल कोणी शिकवायला नको. निमंत्रणपत्रिका, अहवाल, बोनाफाइड दाखला, देणगीदारांना पाठवावयाची आभारपत्रे ही कामे नोटपॅडमध्ये करू पाहणे म्हणजे हट्ट होय. मोठा अहवाल असेल आणि प्रत्येक मथळ्यास वर्डमधील ठरावीक शैली दिलेली असेल, तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पाने सरकली की तिच्यातले आकडेही बदलून घेता येतात. एकच पत्र शेकडो नावांनी छापण्याची सोय वर्डमध्ये आहे. गुरुजनांनी विद्यार्थ्याच्या लेखात केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या रंगात दिसाव्यात, मूळ वाक्यही शाबूत राहावे आणि विद्यार्थ्याने एकेक दुरुस्ती वाचून ती स्वीकारावी किंवा नाकारावी, ही सोय तर आम्हांस अध्यापनाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. वीज गेली तर वर्ड पुष्कळदा मजकूर परत मिळवून देते. जुने नोटपॅड या बाबतीत निष्ठुर होते. आता तेही सुधारले आहे.

तक्रार आहे ती पोशाख फार लवकर चढविण्याविषयी. लेख अजून लिहून व्हायचा असतो आणि लेखक मथळ्याचा रंग निवडीत बसतो. आम्हांकडे आलेल्या एका फाइलीत परिच्छेदाची सुरुवात पुढे सरकविण्यासाठी स्पेसची कळ दहा-दहा वेळा दाबलेली होती आणि नवे पान सुरू करण्यासाठी एंटरची कळ वीस-पंचवीस वेळा. लेखकाच्या पडद्यावर सारे सुबक दिसत होते. आमच्या संगणकावर तो फाँट नव्हता, त्यामुळे ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या आणि कवितेसारख्या विखुरल्या. छापखान्यातील कारागीर तर असा सर्व शृंगार उतरवूनच कामाला लागतात, कारण त्यांना पान त्यांच्या मापाने बांधावयाचे असते. म्हणजे लेखकाने रात्र जागून केलेली सजावट पुसून काढण्यात दुसऱ्याची सकाळ जाते. व्हॉट्सॲपवरच्या संदेशाला पुसण्यासारखे काही नव्हतेच. तो आला, तसाच उचलून पानात ठेवता आला.

व्हॉट्सॲपचा विषय निघाला आहे म्हणून एक गंमत सांगतो. संदेशात एखाद्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका लिहिली की तो शब्द ठळक दिसतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. तारका ही साधीच खूण आहे, ती मजकुराचाच भाग म्हणून प्रवास करते. साध्या मजकुरात अशा खुणा पेरून नंतर त्यांवरून मथळे, याद्या, ठळक अक्षरे घडविण्याची 'मार्कडाउन' नावाची पद्धत २००४ पासून प्रचलित आहे. अगदी अलीकडच्या नोटपॅडमध्ये ठळक व तिरप्या अक्षरांची जी सोय आली आहे, तीही याच खुणांवर चालते. संकोचाने संदेश पाठविणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्याने नकळत उत्तम रीतच अवलंबिली होती.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेला लागू पडेल. मराठीत मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि आमचे खरे दुखणे तेथे आहे.

कार्यालयाच्या कपाटात आम्हांस एक सीडी मिळाली. बऱ्याच वर्षांपूर्वी निघालेल्या आपल्या संस्थेच्या एका स्मरणिकेचा मजकूर तीत होता. त्या स्मरणिकेची छापील प्रत कार्यालयात एकच उरली असून तिची मधली पाने वाळवीने खाल्ली आहेत. नेमक्या त्या पानांवर वसतिगृहाचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींची आठवण छापलेली होती. मावशींना लिहिता येत नसे. त्या बोलत गेल्या आणि तत्कालीन एका शिक्षकांनी ते संगणकावर उतरवून घेतले. मावशी आता हयात नाहीत. सीडी मिळाली तेव्हा आम्हांस किती आनंद झाला हे सांगावयास नको. पण फाइली उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चित्रविचित्र चिन्हांचा निरर्थक चिवडा! त्याच कपाटात त्याहून कितीतरी जुनी, दौतीच्या शाईने लिहिलेली वसतिगृहाची प्रवेश नोंदवही होती. शाई फिकी झाली आहे, पण वडिलांचे नाव, गाव, इयत्ता असे एकूण एक अक्षर वाचता येते.

हे घडते कसे? संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर सर्वमान्य असा स्वतःचा क्रमांक देण्याचे काम युनिकोडने १९९१ मध्ये केले. परंतु आपल्याकडच्या छापखान्यांत आणि कार्यालयांत ते रूढ होण्यास पुढे बरीच वर्षे गेली. मधल्या काळात एक युक्ती वापरली गेली. क्रमांक इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे आणि फाँटमध्ये त्या क्रमांकापुढे चित्र मात्र देवनागरीचे काढायचे. कृतिदेव या प्रसिद्ध फाँटमध्ये 'भारत' हा शब्द दिसतो, पण फाइलीत प्रत्यक्ष असतात ती इंग्रजीतली मोठा एच, दोन वेळा के, मग जे आणि आर ही अक्षरे. फाँट आहे तोवर 'भारत' दिसतो. फाँट नसला की उरतात ती ही पाच इंग्रजी अक्षरे. शिवाय अशा प्रत्येक फाँट-कुटुंबाची मांडणी निराळी. येथे पोशाख आणि शरीर वेगळे राहिलेच नाहीत; पोशाखाशिवाय शरीराला ओळखच नव्हती.

सीडीवरील बहुतेक लेख वर्डच्या जुन्या फाइलींत होते. वर्डचा पोशाख येथे आमच्या मदतीला आला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. वर्ड फाँटचे नाव लक्षात ठेवते. ते नाव वाचून आम्ही एका जुन्या डीटीपी व्यावसायिकांकडून तो फाँट मिळविला, संगणकावर बसविला आणि क्षणार्धात पाने बोलू लागली. त्यानंतर रूपांतरकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणला. त्यातही पहिली वेलांटी आणि रफार यांनी छळलेच. जुन्या फाँटमध्ये 'शिक्षण' लिहिताना वेलांटी आधी व श नंतर, तर युनिकोडमध्ये श आधी व वेलांटी नंतर. 'धर्म' लिहिताना जुन्या पद्धतीत रफार शेवटी, तर युनिकोडमध्ये र हा म च्या आधी. रूपांतरक ही उलटापालट करतो, पण जोडाक्षर जरा अवघड आले की चुकतो. छापील पानाशी ताडून पाहण्याला पर्याय नव्हता.

मावशींची आठवण मात्र वर्डमध्ये नव्हती. शिक्षकांनी ती साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली होती आणि साध्या फाइलीत फाँटचे नाव नसते. तोच फाँट असावा अशा अंदाजाने आम्ही तो लावून पाहिला आणि अंदाज बरोबर ठरला. परंतु ही फाइल कधीतरी एका संगणकावरून दुसरीकडे जाताना तिच्यातली काही चिन्हे प्रश्नचिन्हांत बदलून गेली होती. प्रश्नचिन्हाच्या मागे मूळ चिन्ह दडलेले नसते. ते पुसले गेलेले असते.

म्हणून नोटपॅड की वर्ड, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो मजकूर कोणत्या संकेतांत साठविला याचा. नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' म्हटल्यावर खाली एन्कोडिंग असा एक रकाना दिसतो, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तेथे यूटीएफ-८ असावयास हवे. २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये ते आपोआप असते. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये तेथे एएनएसआय असे, आणि मराठी मजकूर तशा रीतीने साठवू गेल्यास अक्षरे नष्ट होतील अशी सूचना पडद्यावर येई. घाईत 'ओके' दाबले की पुढच्या खेपेस फाइल उघडताना साऱ्या लेखाच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी. आपल्यापैकी ज्यांच्याकडे अजून जुने संगणक आहेत, त्यांनी हा रकाना अवश्य पाहावा.

टंकनाची पद्धत मात्र ज्याची त्याने निवडावी. इन्स्क्रिप्ट कळफलक असो, भ्रमणध्वनीवरील कळफलक असो की बोलून टंकणे असो, अक्षरे युनिकोडची उमटत असतील तर शेवटी सारे एकाच ठिकाणी येऊन मिळते. एवढे करूनही मराठीचे काही हट्ट शिल्लक राहतातच. 'दुसऱ्या' या शब्दातला तो वळणदार र दोन वेगवेगळ्या रीतींनी साठविता येतो. 'ॲड.' मधल्या पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्यापूर्वी ते अ आणि वरची चंद्रकोर जोडून लिहीत. आजही काही कळफलकांवरून तसेच उमटते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणकास ते भिन्न वाटू शकतात. माजी विद्यार्थ्यांच्या सूचीत एका वकील भगिनींचे नाव आम्हांस शोधूनही सापडेना, त्याचे कारण हेच निघाले.

अक्षरांना त्यांच्या स्वतःच्या क्रमांकांनी साठविले म्हणजे काय साध्य होते, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनेचा पालि तिपिटकाचा पाठ संगणकावर उपलब्ध केला. तो पाठ वाचक देवनागरीत वाचू शकतो, सिंहली, थाई, ब्रह्मी लोकांच्या म्यानमार लिपीत वाचू शकतो, रोमन लिपीतही वाचू शकतो. पाठ तोच राहतो, लिपी बदलते. चित्रांच्या किंवा एखाद्या फाँटच्या आश्रयाने ठेवलेल्या मजकुराबाबत हे सहजासहजी साधले नसते.

मुलांच्या अभ्यासाविषयी पालकांना दोन शब्द. संगणकाची आज्ञावली किंवा संकेतस्थळाचे पान लिहावयास शिकणाऱ्या मुलांनी ते वर्डमध्ये लिहू नये. वर्ड सरळ अवतरणचिन्हे आपण होऊन वळणदार करते. वाचणाऱ्याला ती शोभून दिसतात, पण पायथॉन त्यांवर अडून बसते. मूल तासभर चूक शोधीत राहते आणि चूक त्याची नसते. त्या कामाला टेक्स्ट एडिटरच हवा.

स्वतः आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने जी रीत धरली ती अशी. प्रत्येक लेख प्रथम साध्या मजकुराच्या, यूटीएफ-८ मध्ये साठविलेल्या फाइलीत उतरविला. दुसरीकडून मजकूर आणताना वर्डमध्ये तो केवळ मजकूर म्हणून चिकटविण्याचा पर्याय वापरला, म्हणजे परका पोशाख आत येत नाही. त्यानंतर दुरुस्त्यांसाठी लेख वर्डमध्ये नेले, कारण चार जणांनी सुचविलेले बदल तेथे नीट दिसतात. अंतिम मजकूर ठरल्यावर पुन्हा त्याची साधी प्रत काढून संस्थेच्या संग्रहात ठेवली आणि मगच छापखान्याकडे पाठविले. दोन हजार शब्दांचा लेख अशा स्वरूपात साधारण ३५ ते ४० किलोबाइटचा होतो; साऱ्या स्मरणिकेचा मजकूर एका छायाचित्रापेक्षाही कमी जागा घेतो. छापखान्यात पेजमेकरसारखे जुने सॉफ्टवेअर असेल तर तेथे युनिकोड मजकूर पुन्हा जुन्या फाँटमध्ये रूपांतरित केला जातो आणि वेलांटी-रफाराच्या त्याच चुका उलट दिशेने शिरतात. म्हणून छपाईपूर्वीची शेवटची मुद्रिते आम्ही संगणकावर न वाचता कागदावर, मोठ्याने वाचली. हे काम दहावीच्या मुलामुलींनी जोडीजोडीने केले.

कागदाविषयी आमच्या मनात अद्याप आदर आहे, हे यावरून ध्यानी येईलच. १९२० सालचे 'मूकनायक'चे अंक कोणीतरी जपून ठेवले म्हणूनच पुढे त्यांचे पुनर्मुद्रण होऊ शकले. यासाठी संग्रहातील प्रत्येक साध्या फाइलीची एक छापील प्रतही काढून बांधून ठेवली आहे. कपाटात आता डांबराच्या गोळ्या आहेत.

मावशींची आठवण या अंकात अन्यत्र पुन्हा छापीत आहोत. प्रश्नचिन्हांच्या जागची बहुतेक अक्षरे संदर्भावरून लावता आली आणि वसतिगृहातील जुन्या मुलांना वाचून दाखवून पक्की करून घेतली. एक शब्द मात्र लागला नाही. पहिला पाऊस पडून गेल्यावर मागच्या टेकडीवरून खुडून आणलेली कसली तरी भाजी मुलांना भाकरीबरोबर वाढीत असू, असे मावशी सांगतात. त्या भाजीच्या नावातला आरंभीचा 'क' तेवढा उरला आहे, पुढे तीन प्रश्नचिन्हे. कुर्डू म्हणावे, कर्टोली म्हणावी की कवळा, यावर संपादक मंडळात एकमत झाले नाही. अंदाजाने शब्द घालण्याऐवजी ती जागा आम्ही कोरी सोडली आहे. ज्यांनी ती भाजी मावशींच्या हातची खाल्ली असेल, त्यांनी कार्यालयास नाव कळवावे. साध्या संदेशात लिहून पाठविले तरी चालेल.